गाडीखालची पेट्रोलची नळी गंजून गळतेय: मधला तुकडा कापून रबरी होज बसवली तर चालेल का?

तेरानंबरपाना

पेट्रोल गाडी, मल्टिपॉइंट इंजेक्शन, पंप टाकीच्या आत. मागच्या डाव्या दाराखाली तीन नळ्या एका प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये शेजारी शेजारी धरलेल्या आहेत. त्यातली मधली लोखंडी नळी ओली दिसते. इंजिन बंद असताना नुसता वास येतो. किल्ली फिरवून पंप चालू झाला की क्लिपच्या कडेला थेंब धरतो, फुगतो आणि सुटतो, लगेच दुसरा. नळीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने ८ मिमी भरला. क्लिपच्या दोन्ही बाजूंना बोटभर गंज आहे, त्यापुढे रंग शाबूत वाटतो.

गंजलेला भाग कापायचा, दोन्ही टोकांवर होज चढवायची आणि क्लिपा आवळायच्या, असा बेत आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. होज नेमकी कोणती घ्यायची? साधी स्क्रूची जुबली क्लिप पुरते का? आणि नळीतलं प्रेशर कापण्याआधी कसं उतरवायचं, म्हणजे पेट्रोल तोंडावर उडणार नाही?

थंडइंजिन

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात चूक झाली तर बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थ उरत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्के झालं की ठिणगीने पेटते, आणि शून्याच्या खाली ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ पेट्रोल सोडत असतं. म्हणून हे काम तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा गॅरेजच्या खड्ड्यात करू नका. उघड्यावर, सपाट आणि पक्क्या जमिनीवर करा. हॅलोजनचा दिवा नको, तारेचा होल्डरवाला बल्ब तर नकोच. बॅटरीवरचा सीलबंद एलईडी टॉर्च घ्या आणि तो गाडीखाली शिरण्याआधीच चालू करा. ड्रिल, ग्राइंडर, हीट गन आसपाससुद्धा नको. ड्राय पावडरचा एबीसी अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा, डिकीत नव्हे. डोळ्यांवर चष्मा, हातात नायट्रिलचे मोजे, अंगात सुती कपडे.

इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड हवेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो आणि बऱ्याच गाड्यांत तो या नळ्यांपासून फार लांब नसतो. पण प्रेशर उतरवायला इंजिन थोडं चालवावं लागतं, म्हणून ते काम आधी उरकून मग दोन-तीन तास गाडी तशीच सोडा.

आता प्रेशर. नळी गळत नसते तेव्हाची नेहमीची पद्धत अशी:

१. टाकीचं झाकण उघडून परत लावा. टाकीत वाफेचा दाब असेल तर तो निघून जातो. हे विसरलं की कापलेल्या टोकातून पेट्रोल थांबता थांबत नाही.
२. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघून फ्यूल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा.
३. इंजिन चालू करा. नळीत उरलेल्या पेट्रोलवर ते काही सेकंद चालेल आणि बंद पडेल. त्यानंतर आणखी दोन वेळा चार-पाच सेकंद स्टार्टर मारा.
४. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधून ठेवा.

यात एक गोष्ट तुमच्या बाबतीत वेगळी आहे. गळती चालू असताना इंजिन चालवायचं नाही. थेंब सायलेन्सरपासून लांब पडत असतील तरीही नाही. तुम्ही फ्यूज काढा, बॅटरी सोडा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. गळक्या नळीतलं प्रेशर त्याच भोकातून आपोआप उतरतं. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा आणि गाडी उघड्यावरच असू द्या.

प्रेशर उतरलं म्हणजे नळी रिकामी झाली असं नाही. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या नळीत शंभर-दीडशे मिलीलिटर पेट्रोल उभं असू शकतं, आणि टाकीतली पातळी नळीच्या वर असेल तर सायफन होऊन आणखी येतं. टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना काम करा. कापलेलं टोक लगेच बंद करायला नळीच्या मापाची रबरी टोपी, किंवा एका बाजूने बोल्ट घालून आवळलेला होजचा तुकडा आधीच तयार ठेवा.

जॅकवर गाडी उचलून थेट खाली शिरू नका. पुढची चाकं दोन्ही बाजूंनी अडवा आणि गाडी स्टँडवर टेकवा.

फ्लेअरनट

होज आणि जोडाचं सांगतो. अशा कामात नवी होज सहसा फुटत नाही, ती टोकावरून सरकते. सगळं लक्ष तिथे हवं.

होजवर काय छापलंय ते वाचा. एसएई जे३०आर६ किंवा आर७ लिहिलं असेल तर ती कार्बोरेटरच्या गाड्यांची, ५० पीएसआयपर्यंतची. कार्बोरेटरला जेमतेम ३ ते ७ पीएसआय लागतं. तुमच्या गाडीत ३ ते ४ बार, म्हणजे ४३ ते ५८ पीएसआय, सतत असतं. तुम्हाला जे३०आर९ हवी. ती १०० पीएसआयची असते आणि आतलं अस्तर फ्लुओरोरबरचं असतं, त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनेही ती फुगत नाही की तिला भेगा पडत नाहीत. टाकीच्या आत बुडवायची होज वेगळी, ती आर१०. आर९ टाकीत घालू नका, बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलं नसतं. काहीच छापलेलं नसलेली काळी नळी, पारदर्शक पीव्हीसी, पाण्याची किंवा हवेची होज, यातलं काहीही नको.

होजचा आतला व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासाइतका. ८ मिमीच्या नळीला ८ मिमीची किंवा ५/१६ इंची, दोन्ही चालतात. ती हाताने जोर लावून चढली पाहिजे. सहज सरकली तर माप चुकलंय.

आता जुबली क्लिप. तिच्या पट्टीत बहुतेक वेळा आरपार खाचा असतात. आवळल्यावर रबर त्या खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. शिवाय लहान मापात ती पूर्ण गोल न होता स्क्रूच्या घराखाली चपटी राहते आणि गळती बरोबर तिथूनच सुरू होते. फ्यूल इंजेक्शनचा क्लॅम्प घ्या: पट्टी अखंड, कडा बाहेर वळवलेल्या, नट-बोल्टने आवळायचा. एक क्लॅम्प जेमतेम २ मिमीच्या टप्प्यात बसतो, म्हणून आधी होजचा बाहेरचा व्यास मोजा. ८ मिमीच्या होजचा तो १४ ते १५ मिमी भरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळीच्या टोकाला फुगवटा. कापलेली नळी सरळ गुळगुळीत असते. त्यावर होज चढवून कितीही आवळली तरी ४ बारला ती हळूहळू मागे सरकते. डबल फ्लेअरचा टूल (नळीचं टोक दोन पायऱ्यांत पसरवून दुमडणारा) असेल तर त्याची फक्त पहिली पायरी करायची. नळी पट्टीत धरा, अ‍ॅडॉप्टरच्या खांद्याच्या जाडीइतकं टोक बाहेर ठेवा, अ‍ॅडॉप्टर घालून खांदा पट्टीला टेकेपर्यंत स्क्रू दाबा. टोक बाहेरच्या बाजूला फुगून गोल कडं तयार होतं. इथेच थांबा. दुसरी पायरी केली तर फ्लेअर उघडेल आणि त्याच्या कडेने होज आतून फाटेल.

कापायला पाइप कटर वापरा. हॅक्सॉने कापलं की लोखंडाचा कीस आत जातो. बऱ्याच गाड्यांत फिल्टर टाकीतच पंपासोबत असतो, म्हणजे तुमच्या जोडापुढे इंजेक्टरपर्यंत त्या किसाला अडवणारी फक्त इंजेक्टरच्या तोंडातली बारीक जाळी उरते. ती भरली की एक सिलिंडर मिस करायला लागतो, आणि मग दोष स्पार्क प्लगमध्ये शोधला जातो. कटर एका फेरीत थोडाच आवळा, नाहीतर नळी चेपते. कापल्यावर तोंड खाली धरून आतली आणि बाहेरची धार काढा, फडक्याने पुसा.

जोडताना होज प्रत्येक बाजूला फुगवट्यापलीकडे किमान २५ मिमी चढली पाहिजे. क्लॅम्प फुगवट्याच्या मागे येतो, होजच्या कडेपासून ३-४ मिमी आत. फुगवट्यावर क्लॅम्प बसला तर तो तिरका होतो आणि गाडीच्या थरथरीने ढिला पडतो. चढवायला इंजिन ऑइलचा एक थेंब पुरे. ग्रीस किंवा सिलिकॉन सीलंट लावू नका. सीलंट पेट्रोलमध्ये मऊ पडतं, त्याचे तुकडे सुटून पुढे जातात.

क्लॅम्प किती आवळायचा? रबर पट्टीच्या कडेशी समपातळीत येऊन जरासं वर दिसायला लागेल इतका. लहान पान्याने, बोटांच्या जोरावर. बोल्टवर पूर्ण मनगट लावलंत तर होजच्या आतलं अस्तर फुटतं आणि ते बाहेरून कळत नाही.

चारबार

फ्लेअरनट यांनी जोड अगदी बरोबर सांगितला आहे. तरी या नळीवर तो लावण्याआधी थांबा.

क्लिपखाली नळी गंजते कारण क्लिप आणि नळीच्या फटीत माती, पाणी आणि मीठ अडकून राहतं आणि तिथला रंग घासला जातो. एका क्लिपखाली नळी आरपार गेली असेल, तर त्याच नळीवरच्या बाकीच्या क्लिपांखालीही तेच चालू आहे. टाकीपासून इंजिनपर्यंत अशा चार-सहा तरी क्लिपा असतात. प्रत्येक क्लिप उघडा, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा आणि नखाने दाबून बघा. पापुद्रा निघाला आणि खाली खड्डा दिसला तर तो भाग गेला असं समजा. घासण्याचं हे काम प्रेशर उतरवल्यावरच, आणि हातानेच.

गंज एकाच ठिकाणी असेल तर वरचा जोड ठीक. दोन किंवा अधिक ठिकाणी असेल तर पूर्ण नळी बदला. एका नळीवर तीन होजचे जोड म्हणजे सहा क्लॅम्प, म्हणजे गळतीच्या सहा जागा. शिवाय गंजलेल्या नळीला फुगवटा काढायला गेलं की ती उभी चिरते. चकचकीत धातू लागेपर्यंत मागे मागे कापत गेलात तर लांबचलांब रबर गाडीखाली लोंबकळायला लागतं, दगडाचा मार बसतो आणि सायलेन्सरची धग लागते.

पूर्ण नळीसाठी तांबं-निकेल मिश्रधातूची नळी घ्या. ती गंजत नाही, हाताने वळते आणि फ्लेअर सहज होते. शुद्ध तांब्याची घेऊ नका. थरथरीने ती कडक होऊन तडकते, आणि तांब्याच्या संपर्काने पेट्रोलमध्ये चिकट गाळ लवकर धरतो. जुनी नळी शक्य तितकी अखंड काढा आणि जमिनीवर ठेवून तिच्यासारखीच नवी वाकवा. वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नको, म्हणजे ८ मिमीला साधारण २४ मिमी. त्याहून आवळ वळण हवं असेल तर बेंडर वापरा, नाहीतर वळणाच्या आतल्या बाजूला नळी दुमडते. फ्लेअर करण्याआधी नट नळीत ओवा, हे दर वेळी कोणीतरी विसरतं. मूळ फ्लेअर कोणता आहे ते बघून तोच काढा. ४५ अंशांचा डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर एकमेकांच्या जागी बसत नाहीत, नट आवळला जातो पण गळती राहते. फ्लेअरच्या जोडावर टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे धातूवर धातू बसून सील होतं, आट्यांमधून होत नाही.

आणि शेजारच्या नळ्या बघा. त्या तीनपैकी एखादी ब्रेकची असेल तर ती तेवढीच जुनी आणि तेवढ्याच मातीत आहे. ब्रेकच्या नळीवर होज, क्लॅम्प, कॉम्प्रेशन जोड, काहीच चालत नाही. तिथे पूर्ण नळी आणि फ्लेअर, दुसरा मार्ग नाही.

तेरानंबरपाना

सगळ्या क्लिपा उघडल्या. लोखंडी नळीवर गंज त्या एकाच ठिकाणी आहे, बाकी क्लिपांखाली रंगसुद्धा शाबूत. कापायचा भाग सरळ आहे, ७० मिमी भरतो. ब्रेकची नळी या क्लिपमध्ये नाही.

पण शेजारची काळी प्लॅस्टिकची नळी वळणावर पांढरी पडलीय आणि बारीक चीर दिसते. ती ओली नाही. तीही रबरी होजने जोडू का?

नायलॉनबारा

ती नायलॉनची आहे, पीए१२. आधी ती कुठे जाते ते शोधा. पंपापासून इंजिनकडे गेली तर सप्लाय, इंजिनकडून टाकीत परतली तर रिटर्न, आणि कोळशाच्या कॅनिस्टरला (टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्याला) गेली तर वाफेची. सप्लाय तुमच्याकडे लोखंडी आहे आणि ही कोरडी आहे, म्हणून वाफेची असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर नुसत्या वासाचं कारण काही अंशी हीसुद्धा आहे, आणि स्कॅनरवर पी०४४२ किंवा पी०४५५ (वाफेच्या गळतीचे कोड) दिसू शकतो.

नायलॉनवर होज चढवून क्लॅम्प आवळायचा नाही. नायलॉन गुळगुळीत असतं, त्याला फुगवटा काढता येत नाही, आणि क्लॅम्पच्या दाबाखाली ते हळूहळू आत दबत जातं. आज घट्ट वाटलेला जोड महिन्याभरात ढिला होतो.

त्यासाठी काटेरी जोड मिळतात, दोन्ही टोकांना मत्स्यकाट्यासारखी कडी असलेले. चिरलेला भाग सरळ ब्लेडने काटकोनात कापा, त्याच बाहेरच्या आणि आतल्या मापाचा पीए१२चा तुकडा घ्या आणि दोन्ही बाजूंना जोड दाबून बसवा. ८ मिमी बाहेर आणि ६ मिमी आत हे नेहमीचं माप, पण मोजून घ्या. नायलॉन कडक वाटतं म्हणून लायटर दाखवू नका. एकतर पेट्रोल शेजारी आहे, दुसरं म्हणजे पीए१२ १८० अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याआधीच मऊ पडून आकार सोडतं. मग काट्यांवर ते घट्ट बसत नाही. नव्या तुकड्याचं टोक गाडीपासून लांब कडकडीत पाण्यात मिनिटभर बुडवा, पुसा आणि एका दमात शेवटच्या काट्यापर्यंत दाबा. गाडीवरच्या टोकाला पाण्याचा कप नेऊन धरला तरी चालतं, फक्त पाणी आत जाऊ देऊ नका. त्यावर क्लॅम्प लागत नाही.

हवेच्या कॉम्प्रेसरची निळी किंवा पारदर्शक नळी आणि तिचे दाबून बसवायचे जोड दिसायला हुबेहूब असतात. त्यांतली रबरी रिंग पेट्रोलसाठी नसते. घेऊ नका.

टोकाचा क्विक कनेक्टर सोडायचा असेल तर आधी भोवतालची माती धुऊन काढा. मग कनेक्टर नळीवर थोडा आत ढकला, कळ दाबा आणि ओढा. ढकलल्याशिवाय ओढलं तर कळ मोडते. बसवताना नळीच्या टोकाला ऑइलचा थेंब लावा, टक असा आवाज येईपर्यंत दाबा आणि मग ओढून बघा. आवाज आला पण ओढल्यावर हलतोय, तर कळ पूर्ण बसलेली नाही.

कोमनरेल

याच धाग्यात डिझेलचं विचारतो. सकाळी गाडी खूप वेळ स्टार्टर खाते, एकदा चालू झाली की ठीक. खाली कुठेही ओलं नाही. ही नळीची तक्रार असू शकते का?

चारबार

असू शकते. पंप टाकीत नसून इंजिनवर असेल तर तो डिझेल ओढून घेतो, म्हणजे नळीत दाब नसून ओढ असते. चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि रात्रभरात नळीतलं डिझेल टाकीकडे मागे सरकतं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तात्पुरता पारदर्शक डिझेल होजचा तुकडा लावा आणि इंजिन चालवून बघा. बुडबुडे सतत येत असतील तर टाकीकडे एकेक जोड मागे सरकत शोधत जा. फिल्टरची रिंग आणि हॅंड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा पंप) आधी बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मात्र हे फक्त पंपापर्यंतच्या नळीचं. पंपापुढच्या जाड लोखंडी नळ्यांत हजार-दोन हजार बार असतात. त्यांना जोड नसतो, त्या अख्ख्या बदलतात. इंजिन चालू असताना तिथली गळती बोटाने चाचपायची नाही. दिसणारही नाही इतका बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आतलं मांस सडतं. असं कोणाला झालं तर दुखण्याची वाट न बघता त्याच तासाला शस्त्रक्रिया होणारं रुग्णालय गाठा. पेट्रोलच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांतही पंपापुढे शंभर-दोनशे बार असतात, तिथेही हेच. सीएनजीच्या नळ्यांना तर घरी हातच लावू नका.

फ्लेअरनट

@तेरानंबरपाना, ७० मिमी कापायचे असतील तर होज १३० ते १३५ मिमी घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना ३० मिमी चढेल. ती जुन्या क्लिपमध्ये कोंबू नका, ती १५ मिमी जाड असल्यामुळे दबेल. होजच्या दोन्ही बाजूंना, लोखंडी नळीवर, एकेक नवी क्लिप लावा. होज कुठेही चेसिसला घासता कामा नये. फुगवट्याचा टूल गाडीखाली फिरायला जागा हवी, म्हणून कापण्याआधीच बाजूच्या क्लिपा सोडून नळी थोडी खाली ओढता येते का ते बघा.

तपासणी अशी करा. सगळं पुसून कोरडं करा आणि सांडलेलं पेट्रोल, भिजलेली फडकी तिथून लांब हलवा. वास पूर्ण गेल्यावरच बॅटरी आणि फ्यूज लावा. इंजिन चालू करायचं नाही, फक्त किल्ली ऑन. पंप दोन-तीन सेकंद चालून थांबेल. ऑफ करून परत ऑन, असं चार वेळा. पंप चालू असताना दुसऱ्या माणसाने टॉर्च मारून जोड बघायचा, गाडीखाली शिरायचं नाही. मग ऑफ करून पांढरा कोरडा टिश्यू दोन्ही क्लॅम्पच्या कडांवरून, खालच्या बाजूनेही, फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा टिश्यूवर लगेच डाग पाडतो. डाग दिसला तर क्लॅम्प पाव फेरी आवळा. तरीही डाग येत असेल तर आणखी आवळू नका, प्रेशर उतरवून होज काढा. बहुतेक वेळा फुगवट्यावर ओरखडा असतो नाहीतर क्लॅम्प तिरका बसलेला असतो.

कोरडं निघालं तर इंजिन दहा मिनिटं आयडलवर ठेवा आणि परत टिश्यू फिरवा. त्यानंतर पंधरा-वीस किलोमीटर चालवून थंड झाल्यावर पुन्हा. नवं रबर क्लॅम्पखाली थोडं बसतं, म्हणून आठवड्याने एकदा पाना लावून बघा. सुरुवातीला स्टार्टर एरवीपेक्षा जास्त वेळ घेईल, नळीतली हवा निघेपर्यंत तसं होणारच.

तेरानंबरपाना

टाकी पावाच्या खाली आली की काम काढतो. आर९ची होज, १३ ते १५ मिमीचे दोन क्लॅम्प, पाइप कटर आणि डबल फ्लेअरचा टूल यादीत घेतले. कापलेल्या तुकड्यावर आधी फुगवटा काढून बघेन, खांदा टेकेपर्यंत दाबल्यावर तो नेमका कसा दिसतो ते कळेल.

फ्लेअरनट

तुकड्याच्या गंज नसलेल्या टोकावर काढून बघा, गंजलेल्यावर चिरेल. कडं सगळीकडून सारखं आलं पाहिजे. एका बाजूला जास्त फुगलं असेल तर कटरचा काप तिरका आहे.